नळीवरचा चिमटा

सोलर बिघडतो तेव्हा आवाज होत नाही. मोटर जळली की वास येतो, गीझर गेला की सकाळी अंगावर थंडगार पाणी पडतं आणि त्याच दिवशी वायरमनला फोन जातो. गच्चीवरचा सौर बंब मात्र वर्षागणिक मंद होत जातो. डिसेंबरात पाणी कोमट आलं तर घरातले ढगाळ हवेला दोष देतात. त्यात बऱ्याच टाक्यांना विजेची कॉइल बसवलेली असते. उन्हाने कमी दिलं की कॉइल भरून काढते, अंघोळीला पाणी गरमच येतं, आणि काय चाललंय ते कळतं विजेच्या बिलात, तेही कुणी बिल निरखून पाहिलं तर. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला चार युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयही शंभर लिटरच्या संचामागे वर्षाला १५०० युनिटपर्यंत बचत धरत आलं आहे. सोलर निम्म्यावर आला, तर यातला मोठा वाटा गुपचूप मीटरवर चढतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा मंदपणा लवकर येतो. कारण पाणी. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात आला, जिरायत माळ उसाखाली आला, आणि निचरा न झालेल्या जमिनीत क्षार वर येऊ लागले. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० मध्ये स्वतंत्र पुस्तिका लिहिली, इतका तो प्रश्न तेव्हाच मोठा होता. जमिनीत झिरपलेलं ते पाणी आज बोअरमधून गच्चीवरच्या टाकीत चढतं. जड पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की ते फुटतं आणि चुन्याचा पांढरा थर नळीच्या आतून बसतो. पाणी जितकं जास्त तापेल तितका थर लवकर बसतो, म्हणजे सोलर जितकं चांगलं काम करील तितका तो स्वतःचा गळा आवळत जातो. सपाट काचेच्या जुन्या कलेक्टरमध्ये पाणी अर्ध्या इंची तांब्याच्या नळ्यांतून चढतं. तिथे दोन मिलिमीटरचा थरसुद्धा वाट अरुंद करायला पुरतो.

हा मंदपणा वेळेत ओळखणारी वस्तू अंगठ्याएवढी आहे. स्प्रिंगसारख्या वाकलेल्या धातूच्या पट्टीत तापमानाचा सेन्सर बसवलेला असतो आणि तो नळीला बाहेरून चिमट्यासारखा धरतो. कुणी क्लिप सेन्सर म्हणतं, कुणी नुसतं सेन्सर. नळी कापायची नाही, टाकी रिकामी करायची नाही, एकही जोड उघडायचा नाही. ज्यांच्या घरी वीस वर्षांच्या जीआय पाइपाला पाना लावला आहे त्यांना यातलं सुख सांगायला नको. एक जोड उघडायला जावं तर शेजारचे दोन गळायला लागतात.

तापमान मोजायची दुसरी रीत याच तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी अशा साखर कारखान्यांत उसाचा रस आधी ७० अंशांच्या पुढे आणि गंधकाची प्रक्रिया झाल्यावर शंभरीच्याही किंचित वर तापवतात. तिथे रसाच्या जाड नळीत बंद तोंडाची धातूची नळकांडी वेल्ड करून सोडतात, तिला थर्मोवेल म्हणतात, आणि सेन्सर तिच्या पोटात बसतो. इंदापूर तालुक्यातल्याच वालचंदनगरला अशा कारखान्यांची यंत्रसामग्री बनते, आणि पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरचे सांगाडेही. उष्णतेशी इतका जुना आणि खोल संबंध असलेल्या मुलखात घरच्या सोलरचं तापमान मात्र अजून हात लावून सांगतात.

थर्मोवेल घरी का बसवत नाहीत, याला खर्चापलीकडेही कारण आहे. पाऊण इंची नळीत नळकांडी घातली तर निम्मी वाट तीच अडवते. सोलरमध्ये पाणी पंपाशिवाय, केवळ गरम पाणी हलकं असतं म्हणून वर चढतं. तो ओघ इतका हळुवार की त्याला वाटेत कसलीच आडकाठी चालत नाही. शिवाय बोअरच्या पाण्यात ती नळकांडी स्वतःच चुन्याने माखते. बाहेरचा चिमटा कोरडा राहतो. आत दोन मिलिमीटर चुना असला तरी त्यामुळे बाहेरच्या आकड्यात एखाद्या अंशाचाच फरक पडतो.

पण बाहेरून मोजण्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. चिमटा पाण्याला कधीच शिवत नाही. तो नळीच्या कातडीचं तापमान सांगतो, आणि कातडीला एका बाजूने पाणी तापवतं तर दुसऱ्या बाजूने वारा गार करतो. तांब्याची किंवा लोखंडाची नळी असेल तर भिंतीतला फरक अंशाच्या शंभराव्या भागांत मोजावा इतका कमी. नव्या घरांत मात्र सीपीव्हीसी असतं, आणि प्लॅस्टिक उष्णता फार वाईट वाहून नेतं. पाणी ६५ अंश, हवा २५ अंश आणि नळी उघडी असेल, तर अडीच मिलिमीटरच्या भिंतीत माझ्या हिशेबाने सहा अंश गळतात. गच्चीवर वारा सुटला की हाच आकडा दहा-बारावर जातो. घोंगडीवरून ताप बघण्यासारखा हा प्रकार आहे. त्याच नळीवर, चिमट्यासकट, पाऊण इंच जाडीचा फोम चढवला की चूक दोन अंशांवर येते. म्हणजे सेन्सर किती महाग आहे याहून त्याच्यावर काय पांघरलं आहे याला जास्त महत्त्व. सेन्सर उघडा ठेवून काढलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

चांगल्या फिटरचे हात इथे पाहण्यासारखे असतात. आधी तो नळीचा चार बोटं भाग पॉलिश पेपरने घासतो. गंज, रंग, जुन्या फोमचा चिकटा निघून जीआय पांढरं चमकायला लागतं. बोटाच्या टोकावर थोडी थर्मल पेस्ट घेऊन तो ती पातळ पुसतो. पेस्टचं काम सेन्सर आणि नळी यांच्यातली हवा हुसकायचं असतं, म्हणून जाड लिंपण करत नाहीत. आडव्या नळीवर तो सेन्सर कुशीला बसवतो. माथ्यावर हवेचा बुडबुडा साठतो आणि तळाला गाळ. चिमटा बसला की केबलची पहिली वीतभर लांबी तो नळीलाच लपेटून घेतो, कारण तांब्याची तार सेन्सरमधली उष्णता बाहेर खेचते. त्यावर फोम, फोमवर ॲल्युमिनियमची टेप. उघडा काळा फोम इथल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत भुगा होतो. हे सगळं होईपर्यंत खालून चहा आलेला असतो आणि प्रश्नही: "दादा, किती दाखवतंय?" त्यावर जाणत्याचं उत्तर ठरलेलं: "ताई, आज कॉइल बंद ठेवा. उद्या दुपारी सांगतो."

चिमट्याच्या पोटात साधारण तीन प्रकारचे सेन्सर सापडतात. सर्वांत स्वस्त थर्मिस्टर. २५ अंशांना त्याचा रोध १० हजार ओम असतो, ६० अंशांना अडीच हजारांच्या जवळ येतो. दुसरा प्लॅटिनमचा, पीटी १०००. शून्य अंशाला १००० ओम आणि शंभराला १३८५, इतका सरळ चालीचा. यातच पीटी १०० नावाचा भाऊ आहे. त्याला दोन तारांवर गच्चीवरून वीस मीटर खाली आणला तर तारेच्याच रोधाने तीनचार अंश जास्त दिसतात. पीटी १००० ला तीच तार अर्ध्या अंशाच्या आत त्रास देते. तिसरा अंकी सेन्सर, डीएस१८बी२०. हौशी मुलं आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हाच आणतात. त्याची एक खोड माहीत असलेली बरी. वीज आल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधी वाचला तर तो ८५ अंश दाखवतो. शीतगृहात ८५ दिसलं तर कुणीही हसून सोडून देईल, पण सोलरवर भर दुपारी ८५ खरंही असू शकतं. अगदी नेमका ८५ आणि तोही पुन्हापुन्हा आला, तर आधी तारेचे जोड तपासावेत.

सेन्सर बसवण्याआधी पारखायचे असतात. जितके बसवायचे तितके एकत्र रबराने बांधून बर्फाच्या कुटात बुडवले की शून्य दाखवायला हवेत, मग उकळत्या पाण्यात. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. शंभर यायलाच हवेत असं धरून जो आकडा दुरुस्त करील तो चांगला सेन्सर बिघडवील.

आता मुख्य गोष्ट. एका चिमट्याने थोडंच कळतं, दोन चिमट्यांनी पुष्कळ कळतं. एक टाकीतून कलेक्टरच्या तळाशी जाणाऱ्या गार नळीवर, दुसरा माथ्यातून टाकीकडे परतणाऱ्या गरम नळीवर. कलेक्टरची प्रमाणित चाचणी आयएस १२९३३ या भारतीय मानकाप्रमाणे होते. तिथेही आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान, प्रवाह आणि ऊन, हेच मोजतात. नळी एकाच जातीची आणि पांघरूण सारखं असेल तर दोन्हीकडची चूक एकाच प्रमाणात पडते. उघड्या सीपीव्हीसीवर दहा अंशांचा खरा फरक साडेआठ दिसेल, पण दर महिन्याला तसाच दिसेल, आणि आपल्याला बदल ओळखायचा आहे.

निरोगी संचात स्वच्छ दुपारी हा फरक दहाच्या आगेमागे असतो. तो हळूहळू वाढत वीसवर गेला तर घरमालक खूश होतो की सोलर जास्त तापवतोय. घडतं नेमकं उलट. आतली वाट चुन्याने अरुंद झालेली असते, पाणी रेंगाळतं, थोडंसंच पाणी खूप तापून वर येतं आणि टाकी अर्धी गारच राहते. फरक फार कमी आणि दोन्ही नळ्या कोमट, तर दोष काचेवर किंवा आतल्या काळ्या लेपावर. गाळप हंगामात कारखान्यांच्या आसपासच्या गावांत चिमणीची राख काचेवर बसते, ती नुसत्या पाण्याने धुतली तरी फरक पडतो. कलेक्टरचा माथा चटका देतोय पण टाकीजवळची गरम नळी गारच, तर मध्ये हवा अडकली आहे.

रात्रीचं वाचन तर मला सर्वांत बोलकं वाटतं. टाकीचा तळ कलेक्टरच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर हवा, असा जुना दंडक आहे. दिसायला बरं म्हणून किंवा वाऱ्याच्या भीतीने स्टँड बुटका केला की सूर्य मावळल्यावर ओघ उलटतो. टाकीतलं गरम पाणी कलेक्टरमध्ये उतरतं, आपली ऊब उघड्या आकाशाला देतं आणि गार होऊन टाकीच्या तळाशी परत येतं. रात्री अकराला कलेक्टरजवळची वरची नळी तासन्‌तास गरम आणि खालची गार असेल, तर सकाळचं पाणी कुठे चाललंय ते समजलं. नुसता हात लावून हे कुणाला कळणार? रात्री अकराला गच्चीवर जातो कोण?

वसतिगृहांच्या मोठ्या संचांत पंप असतो, आणि तिथे चिमट्याची जागा चुकली तर संच उन्हात झोपून राहतो. कलेक्टर टाकीपेक्षा सहा-आठ अंशांनी गरम झाला की पंप सुरू आणि फरक दोन-तीनवर आला की बंद, अशी साधी व्यवस्था. पण चिमटा कलेक्टरपासून हातभर दूर असेल तर सकाळी आतलं पाणी ८० अंश होतं आणि बाहेरची नळी ३० वरच, कारण पंप चालल्याशिवाय गरम पाणी तिथवर पोचतच नाही, आणि तिथवर पोचल्याशिवाय पंप चालत नाही. म्हणून तो हेडरच्या, म्हणजे कलेक्टरच्या माथ्याच्या आडव्या नळीच्या, तोंडाला, वीतभरही अंतर न ठेवता, फोमच्या आत असावा. काही नियंत्रक दर थोड्या वेळाने पंप क्षणभर फिरवून अंदाज घेतात, तीही सोय चांगली. केबल मात्र सिलिकॉनचीच घ्यावी. निर्वात काचनळ्या कोरड्या तापल्या तर २०० अंशांच्या पुढे जातात, तिथे साधं पीव्हीसी वितळून ओघळतं.

आता बाजारात जास्त चालतो तो काचनळ्या थेट टाकीत खोचलेला प्रकार. जड पाण्याला तोच बरा, पण त्यात टाकी आणि नळ्यांमध्ये पाइपच नसतो, त्यामुळे दोन चिमट्यांचा हा डाव तिथे लागू पडत नाही. गरम पाण्याच्या नळीवरचा एक चिमटा, तोही नळ दोन मिनिटं सोडून वाचायचा, एवढंच तिथे करता येतं.

बाकी सगळीकडे माझा आग्रह आहे की नवा सोलर बसवताना, फोम चढवण्याआधीच दोन चिमटे नळीवर बसवून घ्यावेत आणि केबल कॉन्ड्युटमधून खाली स्वयंपाकघरात आणावी. संपूर्ण संचाच्या किमतीपुढे हा खर्च काही शे रुपयांचा. महिन्यातून एकदा, स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी एक वाजता, कॉइल बंद असताना दोन्ही आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावेत. फरक दहावरून पंधरा-सोळावर सरकला की क्षार धुवायला माणूस बोलवावा. सौम्य ॲसिड फिरवून नळ्या मोकळ्या करतात, अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आकडा पुन्हा दहाच्या जवळ आला, की मगच त्याचे पैसे चुकते करावेत.