लाकडी भट्टीवरील खवानिर्मिती आणि तापमानाचे स्वयंचलित नियंत्रण : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. कोरडवाहू शेती बेभरवशाची असल्यामुळे दुग्धव्यवसाय हा येथील अनेक कुटुंबांचा आधार ठरला आहे. या जिल्ह्यातील भूम तालुका खव्यासाठी आणि त्याच तालुक्यातील कुंथलगिरी हे जैन सिद्धक्षेत्र पेढ्यासाठी प्रसिद्ध आहे. दूध नाशवंत असते. ते आटवून खवा केल्यास वजन घटते, टिकाऊपणा वाढतो आणि दूरच्या बाजारपेठेत माल पाठविता येतो. हा खवा परंपरेने लाकडी भट्टीवरील लोखंडी कढईत तयार होत आला आहे. विजेवर व सौरऊर्जेवर चालणारी यंत्रे आता उपलब्ध असली तरी प्रत्येक उत्पादकास ती परवडतातच असे नाही.

अमेरिकेत कोळशाच्या धूरभट्टीत मांस मंद आचेवर दहा-बारा तास शिजविण्याची पद्धत रूढ आहे. तेथे तापमापक संवेदक, लहान पंखा व नियंत्रक यांच्या साहाय्याने भट्टीचे तापमान आपोआप स्थिर राखले जाते. हे तंत्र खव्याच्या भट्टीस कितपत लागू पडते, कोठे अपुरे पडते आणि त्याचा उपयोग नेमक्या कोणत्या टप्प्यावर करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

१. आचेचे नियंत्रण म्हणजे हवेचे नियंत्रण :

गॅसच्या शेगडीत इंधनाचा पुरवठा कमी-अधिक करता येतो. घनरूप इंधनाचे तसे नसते. एकदा भट्टीत घातलेले लाकूड वा कोळसा तेथेच असतो. तो किती वेगाने जळेल हे त्यास मिळणाऱ्या हवेवर अवलंबून असते. फुंकणीने आच वाढते, तोंड झाकले की मंदावते, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. स्वयंचलित नियंत्रण हे याच अनुभवाचे यांत्रिक रूप होय.

ही कल्पना नवी नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या भट्टीसाठी अशी योजना केली होती. उष्णतेने मद्यार्क प्रसरण पावे, त्याच्या दाबाने पारा वर चढे आणि धूर बाहेर जाण्याच्या मार्गावरील झडप बंद होऊ लागे. पुढे १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसंदर्भात त्रिपदी नियंत्रणाची गणिती मांडणी केली. आजचा पी.आय.डी. नियंत्रक याच तत्त्वावर चालतो. सध्याची चूक किती, आजवर साचलेली चूक किती आणि चूक कोणत्या वेगाने बदलत आहे, या तिन्हींचा विचार करून तो पंख्याचा वेग ठरवितो.

२. उष्णतेचा हिशेब :

एका घाण्यास ५ किलो म्हशीचे दूध घेतले व त्यापासून सुमारे १.१ किलो खवा मिळाला, तर सुमारे ३.९ किलो पाण्याची वाफ होते. एक किलो पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ होण्यासाठी सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे केवळ बाष्पीभवनासाठी सुमारे ८,८०० किलोज्यूल आणि दूध उकळीस आणण्यासाठी आणखी सुमारे १,५०० किलोज्यूल, अशी एकूण सुमारे १०,३०० किलोज्यूल उष्णता हवी. वाळलेल्या लाकडाचे उष्मांकमूल्य प्रतिकिलो १५,००० किलोज्यूल धरल्यास सैद्धांतिकदृष्ट्या ७०० ग्रॅम लाकूड पुरावे. परंतु भट्टीची कार्यक्षमता १५ टक्के धरली, तर हाच आकडा साडेचार किलोंच्या पुढे जातो. दिवसाला अनेक घाणे काढणाऱ्या भट्टीच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. वृक्षाच्छादन विरळ असलेल्या जिल्ह्यात तर तो अधिकच गंभीर ठरतो. शिवाय वाया गेलेल्या सरपणाचा धूर भट्टीजवळ बसणाऱ्या व्यक्तीच्या छातीत जातो, ही बाब हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

३. तापमान कोठे मोजावे?

नियंत्रणाचा खरा प्रश्न येथे उद्भवतो. संवेदक दुधात बुडविला तर तो बराच काळ सुमारे १०० अंश हेच तापमान दाखवील. जाळ दुप्पट केला तरी आकडा हलणार नाही. केवळ वाफ अधिक वेगाने होईल. धूरभट्टीतील मांसाबाबतही असाच अनुभव येतो. मांसाचे तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान काही तास अडून राहते, कारण पृष्ठभागावरील बाष्पीभवन मिळालेली उष्णता शोषून घेते. म्हणून तेथे मांसाचे नव्हे, तर भट्टीतील हवेचे तापमान नियंत्रित केले जाते.

खव्यात परिस्थिती शेवटच्या टप्प्यावर पालटते. दूध दाट होऊन प्रथिने साकळू लागतात आणि लगदा कढईच्या कडा सोडून गोळा होऊ लागतो. आता वाफ होण्यास पाणी थोडेच उरलेले असते. कढईचे बूड झपाट्याने तापते आणि खवा बुडाला लागून करपतो. म्हणूनच दुग्धतंत्रज्ञानात या टप्प्यावर आच उतरवून तापमान ८० ते ८८ अंशांपर्यंत आणण्याची शिफारस आहे. पेढ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पिंडी खव्यात भारतीय मानकानुसार किमान ६५ टक्के घनपदार्थ अपेक्षित असतात. तेथवर न करपता पोहोचणे हेच कारागिराचे कसब होय. यावरून असे स्पष्ट होते की, मोजावयाचे ते दुधाचे नव्हे, तर कढईच्या बुडाचे तापमान. ते चढू लागणे ही पाणी संपत आल्याची पहिली सूचना असते.

४. लाकूड आणि निखारा यांतील भेद :

धूरभट्टीचे तंत्र जसेच्या तसे उचलण्यात आणखी एक अडचण आहे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात व त्यांचीच ज्वाळा होते. या अवस्थेत हवा तोडल्यास ते वायू न जळताच धूर व काजळीच्या रूपाने बाहेर जातात. इंधनही वाया जाते. कोळशातून हे वायू आधीच निघून गेलेले असतात. त्यामुळे हवा कमी केली असता निखारा फारसा धूर न करता मंदावतो. म्हणजेच हवेवरील नियंत्रण हे निखाऱ्याला मानवते, जळत्या लाकडाला नाही.

पारंपरिक पद्धतीत हे ज्ञान अंतर्भूत आहे. प्रारंभी मोठा जाळ आणि अखेरीस लाकडे मागे ओढून निखाऱ्यावर घोटणे, हा क्रम शास्त्रशुद्ध आहे. तेव्हा स्वयंचलित यंत्रणेने हा क्रम मोडू नये. पहिला टप्पा भरपूर हवेवर व माणसाच्या हाती ठेवावा. यंत्रणेकडे केवळ दुसरा, निखाऱ्याचा टप्पा सोपवावा.

५. यंत्रणेची मांडणी :

अ) भट्टी : कढई व भट्टीचा काठ यांतील फटी मातीने लिंपून घ्याव्यात, सरपणाच्या तोंडास दार व धुरासाठी धुराडे असावे. पंखा फक्त हवा वाढवू शकतो, आच विझवू शकत नाही. फटींतून हवा येत राहिली तर पंखा बंद असूनही निखारे फुलतच राहतील.

आ) संवेदक : के-प्रकारचे तापयुग्म पोलादी नळीत बसवून कढईच्या बुडाला टेकवावे. कढई वारंवार उतरविली जात असल्याने नळी स्प्रिंगने वर दाबलेली असावी. स्प्रिंग मात्र भट्टीच्या भिंतीबाहेर ठेवावी, अन्यथा ती तापून निकामी होते. थेट ज्वाळा लागू नये म्हणून नळीभोवती मातीचा लेप द्यावा.

इ) नियंत्रक व पंखा : लहान सूक्ष्मनियंत्रक, १२ व्होल्टचा पंखा व बॅटरी पुरेशी होते. पंख्याच्या नळीत स्वतःच्या वजनाने मिटणारी हलकी झडप असावी, म्हणजे वीज गेल्यास हवा आपोआप बंद होते.

ई) घंटा : बुडाचे तापमान चढू लागताच प्रथम घंटा वाजावी, म्हणजे कारागीर लाकडे ओढून घेईल. त्यानंतर पंख्याचे नियंत्रण सुरू व्हावे.

अपेक्षित तापमानाचा आकडा पुस्तकातून घेणे योग्य नाही. कढईची जाडी व घाण्याचे प्रमाण यांनुसार तो बदलतो. अनुभवी कारागिराने नेहमीच्या पद्धतीने काही घाणे काढावेत, त्या वेळच्या तापमानाची नोंद घ्यावी आणि तीच यंत्रणेसाठी प्रमाण मानावी.

६. मर्यादा व दक्षता :

लहान घाण्यात शेवटचा टप्पा काही मिनिटांचाच असतो आणि निखारे मंदावण्यासही काही मिनिटे लागतात. त्यामुळे लहान कढईत पंख्यापेक्षा घंटेचा उपयोग अधिक होईल. मोठ्या, यांत्रिक घोटणी असलेल्या कढईत पूर्ण नियंत्रणाचा लाभ मिळेल. दुसरे असे की, कमी हवेत जळणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निर्माण होतो. म्हणून धुराडे व मोकळी हवा यांविषयी तडजोड करता कामा नये. तिसरे म्हणजे, ही यंत्रणा ढवळण्याचे व खरवडण्याचे श्रम वाचवीत नाही.

निष्कर्ष :

धूरभट्टीसाठी विकसित झालेले नियंत्रणतंत्र खव्याच्या भट्टीस लागू करता येते. मात्र ते निखाऱ्याच्या टप्प्यापुरते आणि कढईच्या बुडाचे तापमान आधारभूत मानूनच. सरपणाची मोठी बचत प्रामुख्याने बंदिस्त भट्टी, धुराडे व वाळलेले लाकूड यांतून होईल. नियंत्रकाचे मुख्य कार्य करपणे टाळणे व प्रत्येक घाण्याचा दर्जा समान राखणे हे राहील. महाविद्यालयीन पातळीवर हा विषय आंतरविद्याशाखीय प्रकल्पासाठी उपयुक्त आहे. भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी यंत्रणा, रसायनशास्त्र विभागाने खव्यातील आर्द्रता आणि अर्थशास्त्र विभागाने प्रतिघाणा सरपणाचा खर्च अभ्यासावा. त्यासाठी वजनकाटा, तापयुग्म आणि नोंदवही एवढी सामग्री प्रारंभास पुरेशी आहे. कारागिराच्या हातातील ज्ञान आकड्यांत उतरविता आले, तर ते पुढील पिढीस शिकविणेही सुलभ होईल.