आजारपणाचा खाडा कोणी भरायचा?

दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि कराड, वाळवा, पलूस, शिराळा या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड, नगर, जालना, परभणीकडून माणसे येतात. आपल्याच जत, आटपाडी, माण, खटाव या कोरडवाहू तालुक्यांतूनही येतात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि पुढचे चार-पाच महिने तेच त्यांचे घर असते. या घराच्या आरोग्याची थोडी चौकशी आज करू या.

आजार कुठून येतो?

नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांच्या नावे एकत्र, हिशेब मुकादमाकडे. बाई पहाटे चारच्या आत उठते, भाकऱ्या थापते आणि फडात जाते. तोडलेल्या उसाची 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. कंबर, मान आणि गुडघे यांचे दुखणे या कामातच आहे. गरोदरपणातही ते सुटत नाही.

कोपीजवळ संडास नाही, न्हाणी नाही. आडोसा मिळेपर्यंत लघवी दाबून धरायची, म्हणून पाणीच कमी प्यायचे, अशी सवय लागते. उन्हात घाम गाळणाऱ्या शरीराला पाणी कमी पडले की लघवीचा जंतुसंसर्ग होतो, चक्कर येते, पुढे मूत्रपिंडावरही ताण येतो. पाळीच्या दिवसांत स्वच्छ कपडा व पाणी नसले की अंगावरून जाणे, खाज, ओटीपोटात दुखणे सुरू होते.

यांतील बहुतेक तक्रारी वेळीच दाखवल्या तर गोळ्या-औषधांनी बऱ्या होतात. मात्र दवाखान्यात जायचे म्हणजे दिवस बुडतो. बुडाला की खाडा धरला जातो. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली आणि वर मुकादमाचा दंड. म्हणून बाई दुखणे अंगावर काढते.

पिशवी काढण्याचा उपाय

याचे टोक बीड जिल्ह्यात दिसले. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतील 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. कित्येक जणी ऐन तिशी-पस्तिशीत होत्या. पाळीची कटकट जाईल, खाडे पडणार नाहीत, कॅन्सरची भीती राहणार नाही, असे त्यांना वाटले किंवा सांगितले गेले.

वाचक भगिनींनो, अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे आणि पिशवी काढणे हा त्यावरचा पहिला उपाय तर मुळीच नव्हे. पिशवीबरोबर बीजकोषही काढले गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगाची आग होते, झोप उडते. मग कष्टाचे काम अधिकच जड जाते. शस्त्रक्रिया सुचवली तर सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

एकट्याने सुटणारे दुखणे नव्हे

डॉक्टर जंतुसंसर्गावर गोळ्या देतील, पण संडास कसा देणार? विश्रांती लिहून देतील, पण खाड्याचा दंड कसा माफ करणार? त्यासाठी चार माणसांनी एकत्र यावे लागते.

हे सातारकरांना नवे नाही. पाटण, जावळीच्या डोंगरातून मुंबईला गेलेले आपले लोक गोदीत आणि बाजारात पाठीवर पोती वाहत होते. तिथे तेही परगावचेच होते. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी मंडळात भरायची, वर ठरावीक लेव्ही द्यायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा आणि दवाखाना. आजारपणाची सोय मजुरीतच धरली गेली.

ऊसतोड कामगारांच्या संघटनांनीही 'कोयता बंद' करून दरवाढ मिळवली आहे. जानेवारी 2024 मध्ये तीन वर्षांसाठी 34 टक्के वाढ ठरली. मकाम आणि महिला ऊसतोड कामगार संघटना यांनी बाईच्या आरोग्याचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ झाले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यावेत व तेवढीच भर सरकारने घालावी, असे ठरले. पण दर टनावर मिळतो, आजाराच्या दिवसाला नाही. म्हणून कोयत्यात बाईचे नाव वेगळे लिहिले जावे आणि आजारपणाचा, बाळंतपणाचा खाडा धरू नये, ही मागणी आरोग्याचीच आहे.

टोळीने काय करावे?

- फडावर निघताना प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी न्यावे. चक्कर आल्यास सावलीत बसवून साखर-मिठाचे पाणी द्यावे.
- लघवीला जळजळ, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असल्यास दोन दिवसांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत.
- गरोदर बाईने माता-बाल कार्ड गावाहून बरोबर आणावे. तपासणी आणि मुलांचे डोस इथेही होतात.
- कोयता लागल्यास जखम वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. साप चावल्यास मांत्रिकाकडे न जाता 108 ला फोन करावा.
- ग्रामपंचायतीमार्फत मिळणारे ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र नवरा-बायको दोघांनीही काढावे.

गावाने काय करावे?

कोप्या आपल्या शिवारात आहेत, म्हणजे ती माणसे चार-पाच महिने आपल्या गावची आहेत. त्यांच्या मुलांना इथल्या अंगणवाडीत आहार मिळतो, रेशन कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळते. आशाताईंनी आणि दुकानदारांनी एवढे सांगितले तरी पुष्कळ. कारखान्याच्या वार्षिक सभेत आपण दराबद्दल हिरिरीने बोलतो. त्याच सभेत एखाद्या सभासदाने उठून विचारावे, की तळावर किती संडास बांधले, पाण्याचा टँकर रोज येतो का, आणि महिला डॉक्टर आठवड्यातून कोणत्या वारी येतात?