संगणकाची पहिली भाषा आणि पेढीचा हिशेब

दहावी-बारावीचा निकाल लागला, की अनेक व्यापारी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : मुलाने किंवा मुलीने संगणकाची कोणती भाषा शिकावी? पाठोपाठ शिकवणीवर्गाचे माहितीपत्रक येते, हप्त्यांची सोय सांगितली जाते आणि प्रोग्रामची एक ओळही लिहून पाहण्यापूर्वी मोठी रक्कम भरली जाते. दुकानात नवा माल आणताना आधी चार नग मागवून खप पाहणारी माणसे येथे मात्र गोदामभर माल एकदम उचलतात.

वस्तुतः भाषेची निवड फारशी अवघड नाही. विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये 'बेसिक' ही भाषा रचली. नवशिक्यांची भाषा म्हणून ते स्थान आज बहुतांशी 'पायथन'कडे आले आहे. गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा विनामूल्य मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. लहान मुलांसाठी एमआयटीचे 'स्क्रॅच' बरे. तेथे रंगीत ठोकळे जोडून काम होते. पेढीवर टॅली आहे म्हणून तिची टीडीएल आधी शिकावी, असेही सुचवले जाते. पण तिचा उपयोग टॅलीच्या उंबरठ्याबाहेर नाही.

खरा प्रश्न आहे तो सुरुवात कशाने करावी हा. महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात नियमांच्या जोडीला उदाहरणे आहेत आणि मुद्दल-व्याजाची गणितेही आहेत. आपल्या मुलांनीही तेथूनच आरंभ करावा. मुद्दल गुणिले दर गुणिले दिवस, भागिले ३६५००, हे सूत्र घरात सर्वांना पाठ असते. ५०,००० रुपयांवर १२ टक्के दराने ९० दिवसांचे व्याज १,४७९ रुपये ४५ पैसे होते. हेच उत्तर पायथनकडून काढून घेणे, हा पहिला पाठ. उत्तर आधी ठाऊक असल्याने ताळा लगेच पडतो.

चुका येथेच होतील, आणि व्हाव्यात. कळफलकावरून ५००० व ९०० हे आकडे घेऊन त्यांची बेरीज मागितली, तर पायथन ५०००९०० असे दाखवतो. टाईप केलेले सारे तो अक्षरे समजतो. ती संख्या आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागते. दुसरी चूक अधिक बोधक आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तो ०.३०००००००००००००००४ अशी देतो! संगणक आतमध्ये दोनाच्या पायावर मोजतो आणि त्या पद्धतीत एक-दशांश नेमका लिहिता येत नाही, जसा आपल्याला एक-तृतीयांश दशांशांत पूर्ण लिहिता येत नाही. गंमत अशी, की १९५७ पूर्वीचा आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, संगणकाला अचूक मांडता आला असता. पैसा मात्र येत नाही. उपाय सोपा आहे : सारा हिशेब पूर्ण पैशांत करावा, किंवा पायथनमधील 'डेसिमल' ही सोय वापरावी. हजारो नोंदींच्या बेरजेत असा फरक साठत जाऊन ताळेबंद पैशाने अडू शकतो, हे व्यापाऱ्याच्या मुलाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

यानंतर उधारीची यादी घ्यावी. बिलाची तारीख आजच्या तारखेतून वजा केली, की पायथन लीप वर्ष धरून दिवस सांगतो. ४५ दिवसांहून जुनी येणी वेगळी काढायला मोजक्या ओळी पुरतात. सरावासाठी ग्राहकांची नावे बदलावीत. पेढीची खरी वही शिकाऊ हातात देऊ नये.

मार्गदर्शन हवे असेल, तर एनपीटीईएलवर पायथनचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे छोटे पाठही आहेत. मात्र दोन्हींत एकाच वेळी हात घालू नये. एक निवडावा आणि रोज अर्धा तास, दुकान उघडण्यापूर्वी किंवा सामायिकानंतर, त्याला द्यावा. नुसते पाहून भागत नाही. प्रत्येक ओळ स्वतः टाईप करावी लागते.

दोन महिन्यांत उधारीची यादी तयार झाली आणि मुलाला पुढे शिकावेसे वाटले, तर शिकवणीवर्गाचे माहितीपत्रक पुन्हा काढावे. तोवर त्यात काय विचारायचे, हे त्याला स्वतःलाच कळू लागलेले असते. आणि त्याचे मन नाही रमले, तर हप्ता कोणताही चालू नसतो.