कॉपी केली, पण पेरली नाही
जुना संगणक, नवा डाव : लेखांक ४

सोमवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीतले सर आले. गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे अर्धवट उत्तर त्यांना चालत नाही. खिशातून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमचा मागचा लेख वाचून लिनक्स मिंट उतरवून घेतलं. पेनड्राइव्हवर कॉपी केलं. लॅपटॉप ओळखच दाखवत नाही. फाइल पुसून पुन्हा कॉपी केलं. तरी तेच."

मी पेनड्राइव्ह लावून पाहिला. आत सुमारे तीन जीबीची एकच फाइल, नावाच्या शेवटी टिंब आयएसओ. कॉपी अगदी निर्दोष होती. चूक तिथेच होती.

ज्यांचा मागचा लेखांक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात: १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सरांचा लॅपटॉप ठणठणीत आहे, पण त्या अटींत बसत नाही. म्हणून आपण मिंटची वाट धरली. दुकानात नेलात तर 'फॉरमॅट मारून देतो' म्हणतील आणि तासाभरात परतही देतील. पण दुकानदार लॅपटॉपला जो पेनड्राइव्ह लावतो, तो आधी कुणीतरी तयार केलेला असतो. तो कसा करायचा, हा आजचा विषय.

आधी यंत्राची अडचण समजून घेऊ. बटण दाबलं त्या क्षणी संगणकाची मेमरी कोरी असते. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर आहे, पण डिस्कवरच्या फाइली वाचायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचंच. म्हणजे कपाटाला कुलूप आणि किल्ली कपाटात! इंग्रजीत बुटाच्या मागच्या पट्ट्याला धरून स्वतःलाच वर उचलण्याची एक अशक्य कोटीतली कल्पना आहे. त्या पट्ट्याच्या नावावरून या प्रकाराला 'बूट होणं' हा शब्द मिळाला. आपल्याकडे तो इतका मुरला आहे की 'आज मीच अजून बूट झालो नाही' असं सकाळच्या चहाआधी म्हणणारी माणसं मला ठाऊक आहेत.

हे कुलूप उघडतं मदरबोर्डवरच्या एका चिपमधल्या छोट्या प्रोग्रॅममुळे. जुन्या यंत्रांत तो बायोस. बायोसची समज फारच बेताची. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलतो, त्यांतले शेवटचे दोन बघतो. ते ५५ आणि एए असतील, तर वरच्या बाइटांत लिहिलेल्या सूचना डोळे मिटून पाळायला लागतो. नसतील तर पुढची डिस्क. हे दोन आकडे शून्य-एकच्या भाषेत लिहून पाहा: ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एकमेकांचे उलटे. सरांना हे फार आवडलं. त्या ५१२ बाइटांतले ६४ डिस्कच्या वाटण्यांच्या तक्त्याला जातात, २ या खुणेला, आणि सूचनांना उरतात ४४६. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे त्या जागेत या लेखातली फार तर दोन वाक्यं मावतील. तेवढ्यात लिहिलेलं असतं ते एवढंच, की पुढचा मोठा प्रोग्रॅम अमुक जागी आहे, तो उचल.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या यंत्रांत बायोसच्या जागी यूईएफआय आलं आहे. (दुकानात दोघांनाही बायोसच म्हणतात, तुम्हीही म्हणा.) ते जरा शिकलेलं आहे. त्याला फॅट पद्धतीनं आखलेली डिस्क वाचता येते. त्यात 'इएफआय' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'बूट', आणि त्यात 'बूटएक्स६४' नावाची फाइल आहे का, एवढं ते पाहतं. असेल तर तिच्या हाती कारभार देतं.

आता सरांचा पेनड्राइव्ह या दोघांच्या नजरेनं पाहा. बायोसला सुरुवातीला चालवण्याजोग्या सूचना सापडत नाहीत. यूईएफआयला 'इएफआय' फोल्डर दिसत नाही. दिसते एक भली मोठी फाइल, जिच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. गंमत अशी की त्याला हवं असलेलं फोल्डर आणि ती फाइल, दोन्ही त्या आयएसओच्या पोटात आहेत. पण पोट उघडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

"म्हणजे पोतं आणून कोठीत ठेवलं," सर म्हणाले, "पेरलंच नाही."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आयएसओ ही साधी फाइल नव्हे, तो अख्ख्या सीडीचा ठसा आहे. पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत, जसाच्या तसा. नाव पडलं ते सीडीवर फाइली कशा मांडायच्या हे ठरवणाऱ्या १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकावरून. त्या सीडीवरून संगणक सुरू कसा करायचा, हे ठरलं पुढे १९९५ मध्ये, फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांच्या तंत्रज्ञांनी. त्या नियमावलीचं नाव 'एल टोरिटो', आणि असं सांगतात की कल्पना सुचली ते कॅलिफोर्नियातलं उपाहारगृह त्याच नावाचं होतं.

मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटतो तो एक रिकामा कोपरा. आयएसओ ९६६० नं सीडीचे पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळे सोडले आहेत. घराच्या पुढ्यात अंगण सोडावं तसे. सीडी वाचणारा तिकडे बघतच नाही. पुढे पेनड्राइव्हचे दिवस आले, आणि लिनक्सवाल्यांच्या लक्षात आलं की बायोसला हवे असलेले ते ५१२ बाइट या अंगणात आरामात बसतात. ते तिथे ठेवले की तोच ठसा सीडीवर उतरवला तर सीडी, पेनड्राइव्हवर उतरवला तर सुरू होणारी डिस्क! मिंट, उबुंटू, डेबियन यांचे आयएसओ आज अशा दुहेरी रूपात येतात. मात्र ठसा पेनड्राइव्हच्या पहिल्या बाइटपासून उमटवला पाहिजे; फोल्डरात ठेवून चालत नाही.

उमटवण्याची कृती सोपी, म्हणून पटकन सांगतो. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा आधी रिकामा करा. विंडोजवर 'रूफस' किंवा 'बलेना एचर', मिंटवर त्याचंच 'यूएसबी इमेज रायटर'. फाइल निवडा, पेनड्राइव्ह निवडा, बटण दाबा. रूफस मध्येच विचारतो, आयएसओ मोड की डीडी मोड? पहिल्यात तो ठसा उघडून आतल्या फाइली फॅटच्या डिस्कवर मांडतो, दुसऱ्यात ठसा जसाच्या तसा उमटवतो. पहिल्यानं सुरू झालं नाही तर दुसरा करून पाहा. दुसऱ्यानंतर तोच पेनड्राइव्ह विंडोजला दाखवलात तर 'फॉरमॅट करू का?' असा प्रश्न येऊ शकतो. 'हो' म्हणालात तर केलेली पेरणी मोडली.

विंडोजच्या आयएसओची तऱ्हा वेगळी. त्याच्या अंगणात कुणी काही ठेवलेलं नाही, त्यामुळे ठसा उमटवून भागत नाही. फाइलीच मांडाव्या लागतात. त्यातही एक खोच. फॅट३२ वर चार जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल हल्ली त्यापलीकडे गेली आहे. रूफस मोठी फाइल एनटीएफएस भागावर ठेवतो आणि यूईएफआयला वाट दाखवायला शेजारी फॅटचा चिमुकला भाग करतो. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं साधन तीच फाइल जास्त दाबून छोटी करतं.

सरांनी विचारलं, नुसतं कॉपी करून चालेल असं काहीच नाही का? आहे. 'व्हेन्टॉय' एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की आयएसओ नुसते कॉपी करायचे. सुरू होताना ते यादी दाखवतं. सरांची पद्धत तिथे बरोबर ठरली असती. पण पहिला पेनड्राइव्ह साध्या रीतीनं करावा असं माझं मत आहे. काही अडलं, तर शोधायच्या जागा कमी राहतात.

आता जिथे घाई करू नये त्या जागेकडे येऊ. २०१३ मध्ये मी हे काम 'डीडी' या आज्ञेनं केलं. डीडीला जुने लोक थट्टेनं 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात, कारण ती काहीच विचारत नाही. कुठून आणि कुठे, एवढं सांगायचं. 'कुठे' मध्ये मी शेवटचं अक्षर सी ऐवजी बी टाकलं. बी म्हणजे माझी बाहेरची हार्डडिस्क. तिच्यावर काकांच्या सत्तरीचे फोटो. आज्ञा न कुरकुरता पूर्ण झाली. ठशानं डिस्कचा सुरुवातीचाच भाग खाल्ला होता, पण वाटण्यांचा तक्ताही तिथेच असतो. 'फोटोरेक' लावून दोन रात्री बसलो. बहुतेक फोटो परत आले, पण नावं आणि फोल्डर गेले ते गेलेच. सत्तरीचं औक्षण, भाच्याची मुंज आणि गच्चीवरचे पापड एकाच ढिगात. काकूंनी तो ढीग निवडायला उन्हाळा घेतला आणि मला अजून ऐकवतात. तेव्हापासून पेनड्राइव्ह लिहिताना बाकी सगळ्या डिस्क मी काढून ठेवतो, आणि यादीत नावाऐवजी आकार वाचतो. आठ जीबी आणि एक टीबी यांत गल्लत होत नाही.

दुसरी सावधगिरी फाइलीची. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडचा दुवा चोरदरवाजा असलेल्या आयएसओकडे वळवला गेला. प्रकल्पाचे प्रमुख क्लेमाँ लफेव्ह्र यांनी ते जाहीरही केलं. म्हणून उतरवलेल्या फाइलीची एसएचए-२५६ बेरीज तपासा. कितीही मोठ्या फाइलीची ही ६४ चिन्हांची खूण निघते, आणि आत एक बिट बदललं तरी खूण ओळखू येणार नाही इतकी पालटते. संकेतस्थळावरच्या खुणेशी ती जुळली पाहिजे. सरांनी लगेच हात वर केला: "संकेतस्थळच चोरांच्या ताब्यात असेल, तर खूणही तेच बदलतील की." बरोबर. म्हणून खुणांच्या यादीवर प्रकल्पाची डिजिटल सही असते. ती पडताळायला पंधरा मिनिटं जास्त जातात. सरांनी ती घालवली. बहुतेक लोक घालवत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही दर वेळी घालवत नाही.

मग आम्ही पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. बटण दाबताच कंपनीप्रमाणे एक की टकटकवायची: डेल, लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप किंवा एफ८. विंडोज 'शटडाउन' म्हटल्यावरही पुष्कळदा पूर्ण झोपत नाही, तेव्हा आधी 'रीस्टार्ट' करा. डिस्कला बिटलॉकर असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवल्याशिवाय बायोसच्या सेटिंगला हात लावू नका.

यादीत यूएसबी दिसलं, सरांनी एंटर दाबलं. काळा पडदा, काही क्षण काहीच नाही, मग मिंटचा हिरवा डेस्कटॉप. आतली डिस्क अजून जशीच्या तशी आहे. हे सगळं पेनड्राइव्हवरून मेमरीत येऊन चाललं आहे. याच अवस्थेत वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, टचपॅडवर दोन बोटं चालतात का, हे आठवडाभर तपासून घ्या. सरांचं ब्लूटूथ अडलं आहे, त्यांनी वहीत नोंद केली.

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल'चं एक चित्र दिसेल. त्यावर क्लिक केलं की डिस्कच्या वाटण्यांचा प्रश्न येतो, आणि विंडोज ठेवायचं की काढायचं हे तिथे ठरतं. तो पुढच्या लेखांकाचा विषय. तोवर तुमचे फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.