उशाशी (भाग ६) : सोबतच्या माणसाचा रकाना

मागच्या भागात पाठीला होणाऱ्या जखमांबद्दल लिहिलं होतं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, चादरीची सुरकुती का राहू द्यायची नाही, वगैरे. त्यावर आलेल्या पत्रांत जखमांविषयी दोन-चार ओळी आणि बाकी सगळं पैशांविषयी. सरळ विचारलं एकीनेच : मी नोकरी सोडून घरी बसले, मला काही मिळतं का?

तुमच्या नावाने, सांभाळणारी व्यक्ती म्हणून, महाराष्ट्रात जवळपास काहीच मिळत नाही. जे मिळतं ते अंथरुणावरच्या माणसाच्या नावाने. त्यात आपला वाटा कुठे दडलाय ते आपणच हुडकायचं.

गंमत म्हणजे कायद्याला आपण दिसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. आईवडील आणि घरातली इतर माणसं त्यात येतात, आणि ‘मोबदला घेऊन किंवा न घेता’ असंही स्पष्ट म्हटलंय. पुढे कलम २४ मध्ये, ज्यांना फार मदत लागते अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. मात्र त्याच कलमाच्या सुरुवातीला सरकारने हे सारं आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करायचं, असं लिहिलंय. भत्ता अडकतो तो तिथे. केरळने तो अडथळा ओलांडला. तिथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल करणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले आहेत. सहाशे रुपयांत ब्यूरोची बाई एक दिवससुद्धा येत नाही, हे खरं. पण अर्जावर नाव सांभाळणारीचं असतं.

आपल्याकडे सगळ्याची सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्रापासून होते. पुष्कळ घरं इथेच थबकतात, कारण ‘आमची आई काही अपंग नाही, आजारी आहे.’ कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत आणि त्यांत पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थॅलेसेमिया आहे, दीर्घ मानसिक आजार आहे. स्मृतिभ्रंशाचं वेगळं नाव नाही, तो मानसिक आजाराच्या रकान्यातून मोजून घ्यावा लागतो. अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा आणि मग सिव्हिलला किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला जायचं. पक्षाघात असेल तर झटका येऊन सहा महिने होईपर्यंत थांबावं लागतं.

आमच्या सासूबाईंना मी अशीच घेऊन गेले होते. रिक्षातून उतरवायला दोघं, वर न्यायला तिघं. डॉक्टरांनी विचारलं, हात उचलता येतो का? चार महिने ज्या हाताने साधा घास घेतला नव्हता, तो त्यांनी दात-ओठ खात खांद्यापर्यंत नेला आणि म्हणाल्या, ‘बघा, येतोय की!’ मी कपाळावर हात मारला. परक्यासमोर आपली लाचारी दाखवायची नाही, हे त्या पिढीच्या हाडात मुरलेलं. म्हणून जाण्याआधी घरी बोलून ठेवा : इथे शूरपणा नको. संडासला कोण नेतं, जेवण कोण भरवतं, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे एका कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या.

कारण पुढचा सगळा मामला टक्क्यांचा. चाळीस टक्क्यांना दार उघडतं. पासष्टच्या पुढे गेलं की एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत असतेच, शिवाय साथीदारालाही ५० टक्के मिळते. ऐंशीच्या पुढे गेलं की प्राप्तिकराची वजावट वाढते. रेल्वेत टक्क्यांपेक्षा, सोबतीवाचून प्रवास करता येत नाही हा दाखला मोलाचा. तो असला की सोबतच्या एका माणसाला रुग्णाइतकीच सवलत मिळते. ही दोन तिकिटं मला फार आवडतात. सोबतचं माणूस म्हणून कुठेतरी आपली मोजदाद झालेली असते.

आता प्राप्तिकर. कलम ८०डीडी या नावाने ओळखली जाणारी वजावट घरातल्या कमावत्या माणसाला मिळते. अवलंबून असलेल्या नातेवाइकाला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. प्रत्यक्षात कमी खर्च झाला तरी रक्कम तेवढीच. हे फक्त जुन्या करप्रणालीत. नवी निवडलीत की विसरा. (२०२५च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, त्यामुळे क्रमांकापेक्षा वजावटीचं नाव लक्षात ठेवा.) मी तेव्हा नोकरीत होते. उत्साहाने प्रमाणपत्राची प्रत ऑफिसात दिली. अकाउंट्समधला मुलगा यादी वाचत गेला : पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, भाऊ, बहीण. मग मान वर करून म्हणाला, ‘मॅडम, सासू यात बसत नाही.’

बरोबर होतं त्याचं. वजावट माझ्या नवऱ्याने घ्यायची. त्याने घेतलीही. पैसे एकाच घरात आले, त्यात माझं नुकसान काहीच नाही. पण दर दोन तासांनी कूस बदलणारी मी, आणि यादीत नसलेलीही मीच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी २०१८चं एक परिपत्रक आहे. घरात दिव्यांग व्यक्तीची देखभाल करणाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. त्यातही मुलगा, मुलगी, आईवडील, जोडीदार, भावंडं. सासू-सासरे नाहीत. महाराष्ट्रातल्या घरांत म्हातारं माणूस बहुधा कुणाच्या हातचं जेवतं, हे त्या यादीवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

दुसरीकडे काही फार शहाणं घडलंय असंही नाही. ब्रिटनने १९७६ साली सांभाळणाऱ्यांसाठी भत्ता सुरू केला, पण विवाहित स्त्रियांना तो नाही. त्या तशाही घरीच असतात, असा हिशोब. आईला सांभाळायला नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक यांनी दाद मागितली आणि १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे दार उघडलं. दहा वर्षं लागली.

तर आपल्या हाताशी काय आहे? संजय गांधी निराधार अनुदान योजना सगळ्यांना माहीत असते. त्यात दिव्यांगांसाठीची रक्कम २०२५ मध्ये महिना २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. अट मात्र कडक : दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत. मध्यमवर्गीय घर तलाठ्याच्या दाखल्यापाशीच गळतं.

त्याहून कमी माहितीची, पण मला जास्त कामाची वाटणारी गोष्ट ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं. पुष्कळ गावांत हा पैसा वर्ष संपता संपता घाईने संपवला जातो, कारण मागणारं कुणी आलेलंच नसतं. कमोडची खुर्ची, चाकाची खुर्ची, हवेची गादी, यांसाठी ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गेल्या वर्षी या निधीतून काय घेतलं, हेही विचारा. या प्रश्नाने ग्रामसेवकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. शहरात राहत असाल तर महापालिकेच्या योजनांची यादी एकदा नीट चाळा. पिंपरी-चिंचवडच्या यादीत बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा सांभाळ करणाऱ्या पालकांना अर्थसहाय्य, असंच नाव असलेली योजना आहे. सांभाळ हा शब्द सरकारी कागदावर वाचून मला बरं वाटलं होतं. आणि अर्ज मंजूर होईस्तोवर वाट पाहायला नको असेल, तर गावोगावच्या मंडळांची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं आहेतच. डिपॉझिट ठेवायचं, खाट नाममात्र भाड्याने न्यायची. आमची खाट अशीच आली होती, आणि आमच्याकडून पुढच्या घरी गेली.

पण पैसे आणि खाट यांनी सगळं भागत नाही. गोव्यातला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची ८१ घरं त्यात होती. निम्म्या घरी सहा महिने एक प्रशिक्षित पण बिनडॉक्टरी व्यक्ती नियमित जात असे. ती आजार समजावून सांगे, चिडचिड कशी हाताळायची ते सुचवी, सरकारी योजनांची माहिती देई, आणि मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्याचं ऐकून घेई. सहा महिन्यांनी त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचं मन इतरांपेक्षा सावरलेलं दिसलं. गरज पडली तर औषधही होतं, पण मुख्य आधार म्हणजे दर पंधरवड्याला दारात येणारं एक माणूस.

असं माणूस सरकार अजून पाठवत नाही, पण काही ठिकाणी आपण जाऊ शकतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, स्किझोफ्रेनियासाठी ‘सा’ ही संस्था आहे, ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी आयपीएच आहे. वारजे इथल्या सिप्ला केंद्रात कर्करुग्णांची आणि सोबतच्या नातेवाइकांची विनामूल्य देखभाल होते. रात्री अडीचला कुणाशीच बोलता येत नाही असं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे फोन करायला आजारी माणूसच असावं लागतं असं नाही.

एक विषय मुद्दाम मागे ठेवलाय. स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांग मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व नव्याने मिळवावं लागतं. ते कसं, हे पुढच्या भागात. घरात असा अठरावा वाढदिवस जवळ आला असेल, तर मुलाचा जन्मदाखला, दिव्यांग प्रमाणपत्र आणि तुमचं आधार कार्ड एका पिशवीत काढून ठेवा. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स.