व्यावसायिक मायक्रोवेव्ह घरीं येतो तेव्हां

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या दाराशीं एक अवजड पोलादी पेटी येऊन थांबली. आमचें कुटुंब पंधरा माणसांचें. शिवाय थोरल्या जाऊबाई व मी मिळून गेलीं सहा वर्षें जेवणाचे डबे देत आहोंत. रोज सकाळीं साठ डबे भरावयाचे, आणि पहिल्या डब्याच्या वेळीं वाफाळणारी भाजी शेवटच्या डब्यापर्यंत निवून जावयाची, ही आमची नेहमींची रड. तेव्हां धाकट्या भावोजींनीं एका बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या सामानांतून हा व्यावसायिक मायक्रोवेव्ह स्वस्तांत आणला. सासूबाईंनीं त्याला हळदकुंकू वाहिलें आणि लगेच प्रश्न केला, “ह्यांतून किरण बाहेर येतात म्हणे. मुलांना जवळ येऊं द्यावें कीं नाहीं?”

हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो, म्हणून त्याचेंच उत्तर आधीं देतें. ह्या पेटींत मॅग्नेट्रॉन नांवाची एक निर्वात नळी असते. ती विजेचें रूपांतर सूक्ष्म लहरींत करते. सेकंदाला सुमारें २४५ कोटी आंदोलनें करणाऱ्या ह्या लहरींची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर असते. त्या धातूवरून परतून येतात, कांच व चिनी माती यांतून आरपार जातात, आणि अन्नांतील पाण्याच्या कणांना हालवून तें तापवितात. दाराच्या कांचेशीं जी बारीक भोंकांची धातूची जाळी दिसते, तिचीं छिद्रें लहरीच्या मानानें इतकीं लहान असतात कीं, प्रकाश बाहेर येतो पण लहर आंतल्या आंत अडते. हे क्ष-किरण नव्हेत. बटण बंद होतांच, दिवा मालवावा तशा त्या लहरी नाहींशा होतात व अन्नांत मागें कांहीं उरत नाहीं. अमेरिकेंत १९७१ पासून नियम आहे कीं, दारापासून ५ सेंटिमीटर अंतरावर नव्या यंत्राची गळती दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅटहून, व वापरांतील यंत्राची ५ मिलिवॅटहून अधिक असूं नये. हातभर दूर उभें राहिल्यास ती आणखी पुष्कळच घटते.

मात्र ह्या साऱ्या अभयाची किल्ली दारांत आहे. दार वांकडें झालें, बिजागरी सैल झाली किंवा कडी नीट बसेनाशी झाली, तर तें यंत्र दुरुस्तीपर्यंत बंद ठेवावें. व्यावसायिक यंत्राचें दार दिवसांतून शेंकडों वेळां उघडलें-आपटलें जातें. जुनी पेटी घेतांना आम्हीं प्रथम दारच तपासलें, तें ठीक होतें. आणि येथेंच आमची समजूत झाली कीं, आतां भिण्याचें कारण उरलें नाहीं.

गंमत अशी कीं, हें यंत्र जन्मलें तें घरासाठीं नव्हेच. १९४० सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत रँडल व बूट ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं जो प्रबळ मॅग्नेट्रॉन तयार केला, तो युद्धांत शत्रूचीं विमानें हुडकणाऱ्या रडारसाठीं. पुढें १९४५ च्या सुमारास अमेरिकेंतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर अशा नळीजवळ उभे असतां त्यांच्या खिशांतील मिठाई वितळली, आणि त्यांतून अन्न शिजविण्याची कल्पना निघाली. १९४७ मध्यें बाजारांत आलेलें ‘रेडारेंज’ जवळजवळ पुरुषभर उंच, सुमारें ३४० किलो वजनाचें होतें, आणि तें थंड ठेवण्यास पाण्याचा नळ जोडावा लागे. तें विकलें गेलें भोजनगृहांना व जहाजांना. ओट्यावर मावेल असें घरगुती रेडारेंज निघावयास १९६७ साल उजाडलें. आमची पेटी त्या मानानें बालकच, तरी दोघांनीं उचलावी लागते.

ती पेटी जोडतांनाच पहिली चूक झाली. तिच्या दोरीला तीन जाड खिळ्यांचा प्लग. आमच्या ओट्यावरचें खोबण लहान, मिक्सरचें. भावोजींनीं मध्यें एक दोन खिळ्यांचा जोड बसविला आणि यंत्र सुरू केलें. दुसरे दिवशीं जाऊबाईंनीं ओल्या हातानें दार धरलें मात्र, त्यांच्या कोंपरापर्यंत झिणझिण्या आल्या. त्या हंसून म्हणाल्या, “नव्या सुनेसारखें अंग चोरतें हें!” आम्हीही हंसलों. मामंजी हंसले नाहींत. वीज-खात्यांत उभी हयात काढलेला तो मनुष्य, ते उठून आले, बटण बंद केलें आणि म्हणाले, “आधीं वायरमन, मग यंत्र. तोंवर याला कोणीं हात लावावयाचा नाहीं.”

तिसरा जाड खिळा असतो तो भूमिसंधानाचा, म्हणजे आपण ज्याला अर्थिंग म्हणतों त्याचा. पेटीचें अंग धातूचें. आंतील विजेचा थोडासा अंश त्या अंगावर उतरला, तर तो जमिनींत वाहून जाण्यास हीच एक वाट. ती तोडली कीं ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या बाईचें शरीर ही दुसरी वाट होते. शिवाय आमचें यंत्र अन्नाला १४०० वॅट उष्णता देतें, पण त्यासाठीं ताऱ्यांतून सुमारें २२०० वॅट ओढतें. म्हणजे २३० व्होल्टवर साडेनऊ अँपिअर. आणि तें खोबण होतें ६ अँपिअरचें! वायरमननें मुख्य फळीपासून स्वतंत्र जाड तार आणली, १६ अँपिअरचें खोबण व तितक्याच शक्तीचा एम.सी.बी. बसविला, अर्थिंग तपासलें, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळही लावली. खर्च यंत्राच्या किंमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आला. भावोजी कुरकुरले.

जागाही बदलावी लागली. पेटीच्या मागें व बाजूंस हवा खेळावी म्हणून माहितीपुस्तकांत सांगितलेलें अंतर सोडलें, आणि ती खांद्याहून खालीं ठेवली. कारण उकळतें वरण डोक्यावरून उतरविणें ही आपत्तीला दिलेली निमंत्रण-पत्रिकाच होय.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. त्यांनीं नितळ कांचेच्या पेल्यांत चहाचें पाणी ठेवलें. बुडबुडे दिसेनात म्हणून पुन्हां दोन मिनिटें ठेवलें. बाहेर काढून चहापूड टाकतांच पाणी भसकन् उसळलें आणि मनगट पोळलें. गुळगुळीत भांड्यांत बुडबुड्याला धरून उठावयास आधार नसतो. त्यामुळें पाणी उकळीच्या अंशापलीकडे तापूनहि शांत दिसूं शकतें. हात वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरला, म्हणून फोडावर निभावलें. तेव्हांपासून आम्ही पाण्यांत आधींच लांकडी चमचा ठेवतों, नेमका वेळच लावतों आणि काढण्यापूर्वीं मिनिटभर थांबतों.

डब्यांविषयीं एक सांगावयास हवें. स्टीलचा डबा आंत ठेवण्याचा मोह आम्हांला रोज होतो, पण तो आवरावा. लहरी धातूवरून परततात, अन्न तापत नाहीं व ठिणग्या उडतात. सोनेरी कडेची कपबशीहि त्याच जातीची. मेलामाईनच्या थाळ्याहि वर्ज्य. भांड्याची शंका आल्यास तें रिकामें भांडें पेलाभर पाण्यासह मिनिटभर ठेवावें. पाणी तापून भांडें गार राहिलें तर तें चालेल. भाजी पसरट भांड्यांत झांकून, मध्यें एकदां ढवळून तापवावी. लहरी कांहीं थोडे सेंटिमीटरच आंत शिरतात, म्हणून कडा पोळतात व मध्य गार राहतो. आम्हीं एक अन्नाचा थर्मामीटर घेतला आहे. मध्यभागीं ७४ अंश झाल्याशिवाय भाजी डब्यांत जात नाहीं. भाताची गोष्ट त्याहून निराळी. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातांत जे जंतु वाढतात त्यांपैकीं एकाचें विष फेरतापवणीनें नष्ट होत नाहीं. तेव्हां उरलेला भात लौकर निववून शीतपेटींत ठेवला नसेल, तर तो कितीहि तापवून उपयोग नाहीं.

खरा प्रसंग आला तो वैशाखांत. यंत्र मोठ्यानें घुमूं लागलें, पण अन्न तापेना. माझा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानें प्लग काढला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागचे स्क्रू काढावयास बसला.

“आजोबा, प्लग काढला आहे. आतां कसली भीति?”

मामंजींनीं त्याच्या हातांतील हत्यार काढून घेतलें. मीं त्यांचा आवाज इतका चढलेला कधीं ऐकला नव्हता.

कारण असें कीं, मॅग्नेट्रॉन चालविण्यास आंतील ट्रान्सफॉर्मर घरची वीज २००० व्होल्टांच्या आसपास चढवितो, आणि कपॅसिटर हा विद्युद्भार सांठवून ठेवतो. प्लग काढल्यावरहि तो भार तेथें राहूं शकतो, व एका स्पर्शांत प्राण घेऊं शकतो. पुतण्यानें चार स्क्रू काढले होते. दोन उरले होते. नंतर तो कितीतरी वेळ गच्चीवर एकटाच बसून राहिला.

दुसरे दिवशीं कारागीर आला. त्यानें प्रथम कपॅसिटरचा भार उतरविला, मगच हात घातला. डायोड जळला होता. मग त्यानें पुढील बाजूची हवेची जाळी काढून आम्हांला दाखविली. फोडणीच्या वाफेनें ती तुपकट व काळी झाली होती. त्यामुळेंच डायोड गेला असें कांहीं तो ठामपणें म्हणाला नाहीं, पण आमच्या माना खालीं गेल्या.

आतां दर शनिवारीं ती जाळी कोमट साबणाच्या पाण्यांत धुऊन, पुरती वाळवून बसवितों. आंतील बाजू रोज रात्रीं मऊ फडक्यानें पुसतों; तारेचा घासा वापरीत नाहीं, कारण त्याचे तुकडे मागें राहून ठिणग्या उडतात. दाराच्या कडेला तेल सांठूं देत नाहीं. यंत्र रिकामें चालवीत नाहीं. आंत कांहीं पेटलेंच तर दार न उघडतां बटण बंद करावयाचें, हें धाकट्या मुलांनाहि पढविलें आहे.

यंत्राचें बळ मोजण्याची एक सोपी रीति त्या कारागिरानें शिकविली. एक लिटर गार पाणी पूर्ण शक्तीवर बरोबर एक मिनिट ठेवावें, ढवळावें, आणि जितके अंश चढले त्यांस ७० नें गुणावें; तितके वॅट. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या हें गणित करतो व फडताळाच्या दारामागें खडूनें आंकडा लिहितो. गेल्या खेपेस १९ अंश चढले, म्हणजे १३३० वॅट.