यादीतून उभे राहणारे यंत्र

एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या बळावर दुसरा संगणक चालवायचा, ही व्हर्च्युअल मशीनची कल्पना आता जुनी झाली. फॅब्रिस बेलार्ड यांनी 2003 मध्ये क्यूईएमयू हे त्यासाठीचे साधन लोकांसमोर आणले. फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.20 या आवृत्तीत केव्हीएम दाखल झाले आणि प्रोसेसरची थेट मदत घेऊन अशी यंत्रे वेगाने चालवणे कोणालाही फुकटात शक्य झाले. साधन एवढे सुटसुटीत झाले, पण ते वापरण्याची सवय मात्र अवजडच राहिली. व्हर्च्युअल मशीन हवे म्हटले की एक भलीमोठी डिस्क इमेज बनवायची, तिच्यात अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची आणि ती फाईल वर्षानुवर्षे जपून ठेवायची. ज्या यंत्राकडून एकच छोटे काम करून घ्यायचे आहे, त्याची इमेज साठवूच नये असे माझे मत आहे. त्यात काय काय लागते याची यादी साठवावी आणि गरज पडेल तेव्हा, जिथे गरज आहे त्याच संगणकावर, कमांड लाइनवरून ते बांधून घ्यावे.

इमेज फार जागा खाते ही तक्रार दुय्यम आहे, कारण डिस्क आता स्वस्त झाल्या आहेत. खरी अडचण अशी की इमेज शिळी होते आणि शिळी झाल्याचे वरून दिसत नाही. 7 एप्रिल 2014 रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. 1.0.1 पासून 1.0.1एफ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये एका विनंतीसरशी सर्व्हरच्या मेमरीतला 64 किलोबाइटपर्यंतचा मजकूर बाहेर खेचता येत होता. चालू सर्व्हरवर दुरुस्त आवृत्ती बसवणे हे एका कमांडचे काम होते. बंद पडून राहिलेल्या इमेजला मात्र कोणीच अपडेट देत नाही. ती पुन्हा केव्हाही सुरू करा, आतली जुनी लायब्ररी जशीच्या तशी जागी होते. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतला दोष उघड झाला, तेव्हाही हीच अडचण नव्याने समोर आली. कोणत्या इमेजच्या पोटात कोणती आवृत्ती दडली आहे, हे प्रत्येक इमेज उघडून पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

मुळात बूट होणारे यंत्र किती लहान असू शकते, हे एकदा नीट पाहायला हवे. एक लिनक्स कर्नेल घ्या. बिझीबॉक्स नावाची एकच प्रोग्राम फाईल घ्या. इन्स्टॉलेशन करणारी अख्खी सिस्टीम एका फ्लॉपीत मावावी म्हणून ब्रूस पेरेन्स यांनी 1995 मध्ये डेबियनसाठी बिझीबॉक्स लिहिले. नेहमीच्या शेकडो कमांड त्या एकाच फाईलमध्ये सामावलेल्या असतात. एका फोल्डरमध्ये ही फाईल ठेवायची, शेजारी ‘इनिट’ नावाची चार ओळींची स्क्रिप्ट लिहायची, सीपीआयओ या जुन्या साधनाने फोल्डरची गाठोडी बांधायची आणि कर्नेलसह ती क्यूईएमयूच्या हवाली करायची. यंत्र सुरू होते. ‘इनिट’ मध्येच संपली तर कर्नेल तिथल्या तिथे ‘पॅनिक’ म्हणून थांबतो, कारण ती पहिली प्रक्रिया मेली की सिस्टीमला आधारच उरत नाही. आणखी एक गोष्ट नवशिक्याला हमखास चकवते. बिझीबॉक्स इतर लायब्ऱ्यांवर अवलंबून असेल आणि त्या गाठोडीत नसतील, तर फाईल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाईल नाही’ अशी तक्रार येते. जी सापडत नाही ती त्या प्रोग्रामला मेमरीत चढवणारी दुसरीच फाईल असते. एखाद्या प्रोग्रामला नेमके काय काय लागते हे हाताने शोधत बसणे किती किचकट आहे, ते इथे ध्यानात येते.

ही माहिती संगणकावर आधीच असते. बहुतेक लिनक्समधल्या पॅकेज मॅनेजरला कोणते पॅकेज कशावर अवलंबून आहे हे तोंडपाठ असते. याच गोष्टीचा फायदा सुपरमिन हे साधन घेते. ‘लिबगेस्टएफएस’ या प्रकल्पासाठी, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क बाहेरून उघडून तपासण्या-बदलण्यासाठी, रेड हॅटमधले रिचर्ड जोन्स यांनी ते विकसित केले. पूर्वी त्याचे नाव फेबूटस्ट्रॅप होते. काम दोन टप्प्यांत चालते. ‘प्रिपेअर’ या पहिल्या टप्प्यात तुम्ही फक्त हव्या त्या पॅकेजची नावे सांगता, समजा बॅश आणि कोअरयुटिल्स. सुपरमिन ती ज्यांच्यावर अवलंबून आहेत ती बाकीची पॅकेजे शोधते आणि यादी लिहून ठेवते. सोबत कॉन्फिगरेशनच्या कोऱ्या फाईलींचे एक छोटे गाठोडे असते. या फाईली पॅकेजांमधूनच घेतलेल्या असतात, कारण यजमान संगणकावरच्या फाईलींत मालकाने केलेले बदल, कदाचित पासवर्डसुद्धा, असू शकतात. एवढ्यावर पहिला टप्पा संपतो. ही सगळी तयारी शंभर किलोबाइटच्या आसपास बसते.

दुसरा टप्पा ‘बिल्ड’. यादीतल्या पॅकेजांच्या फाईली यजमान संगणकावर जिथे बसवलेल्या आहेत तिथूनच उचलल्या जातात आणि काही क्षणांत तीन फाईली हाती येतात: कर्नेल, सुरुवातीला लागणारी छोटी गाठोडी आणि ईएक्सटी2 स्वरूपातली मूळ डिस्क. या सगळ्याला रूटचे अधिकार लागत नाहीत, कारण डिस्क माउंट न करता लायब्ररीच्या मदतीने तिच्यात थेट लिहिले जाते. घरचा शिधा घरात असताना दुसऱ्या गावाहून शिजवलेले अन्न मागवण्यात अर्थ नाही, तसाच हा व्यवहार आहे. आणि शिळेपणाचा प्रश्न इथे मुळातूनच सुटतो. ‘इफ-न्यूअर’ हा पर्याय दिला की सुपरमिन पॅकेज मॅनेजरच्या नोंदी तपासते. मधल्या काळात काही अपडेट झाले असेल तर यंत्र नव्याने बांधते, नसेल तर आधीचेच वापरते. यजमान संगणकावर ओपनएसएसएल दुरुस्त झाले की पुढच्या खेपेला आतले यंत्रही दुरुस्त झालेले असते.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: एवढ्यासाठी कंटेनर का नको? 2013 मध्ये डॉकर आल्यापासून छोट्या, वेगळ्या ठेवलेल्या वातावरणासाठी कंटेनर हेच उत्तर झाले आहे, आणि बहुतेक कामांना ते पुरतेही. पण कंटेनरला स्वतःचा कर्नेल नसतो, तो यजमानाचाच वापरतो. लिबगेस्टएफएसचे काम याच जागी कंटेनरच्या आवाक्याबाहेर जाते. अनोळखी माणसाकडून आलेली डिस्क उघडायची म्हणजे तिच्यातली फाईलसिस्टीम कर्नेलला वाचायला द्यायची. कोणी मुद्दाम बिघडवलेल्या रचनेची डिस्क दिली आणि कर्नेलच्या त्या भागात दोष निघाला, तर थेट यजमानाचा ताबा जाऊ शकतो. छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ती डिस्क उघडली तर आघात आतल्या कर्नेलवर होतो आणि काम झाल्यावर ते यंत्र टाकूनच द्यायचे असते. अॅमेझॉनने 2018 मध्ये छोटी व्हर्च्युअल मशीन चालवणारे फायरक्रॅकर हे साधन खुले केले, त्यामागेही कर्नेलची ही भिंत टिकवायची आणि तरीही यंत्र हलके ठेवायचे असाच विचार होता. 125 मिलिसेकंदांच्या आत यंत्र सुरू करण्याचे त्याचे उद्दिष्ट पाहिले, तर व्हर्च्युअल मशीन म्हणजे जडच असणार हा समज सोडावा लागतो. वेग कुठे हरवतो हेही कधीकधी साध्या गोष्टीत सापडते. कर्नेल सुरू होताना सीरियल पोर्टवर ओळीमागून ओळी छापत असतो आणि प्रत्येक अक्षरासाठी आतले यंत्र थांबवून बाहेरच्या सॉफ्टवेअरला काम करावे लागते. कर्नेलला ‘क्वाएट’ हा एक शब्द सांगून गप्प केले तरी वेळ वाचतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. यंत्र यजमानाच्या फाईलींतून बनते म्हटल्यावर आज बनलेले आणि महिन्याने बनलेले यंत्र सारखे नसणार. दोन संगणकांवर बनलेली यंत्रेही वेगळी असणार. ज्याला आपल्या उत्पादनात ते यंत्र ग्राहकाला द्यायचे आहे, त्याला हे परवडणारे नाही, आणि त्याने सुपरमिन वापरूही नये. पण त्यासाठी इमेज जपायची गरज नाही. डेबियनच्या संग्रहाची जुन्या तारखांची रूपे उपलब्ध असतात. त्या संग्रहातून नवी सिस्टीम उभारणाऱ्या डीबूटस्ट्रॅप या साधनाला तीच तारीख पुरवली की तीच पॅकेजे पुन्हा मिळतात. म्हणजे इथेही जपायची गोष्ट यादीच आहे, फक्त तिच्यात तारखेची भर पडली. कमांड लाइनचा आग्रह मी धरतो तो याच कारणाने. चार कमांडची स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवता येते, सहकाऱ्याला वाचायला देता येते, काल आणि आज यांत नेमकी कोणती ओळ बदलली हे दाखवता येते. माउसने केलेल्या क्लिकची अशी नोंद कुठे राहत नाही. कमांड लाइन अवघड जाते हे खरे, पण ती अडचण सुरुवातीच्या काही दिवसांची असते.

अडचणी कबूल करायलाच हव्यात. उबुंटूवर कर्नेलची फाईल सामान्य वापरकर्त्याला वाचताच येत नाही, त्यामुळे तिथे बिल्डचा टप्पा अडतो आणि प्रशासकाला परवानगी बदलून द्यावी लागते. क्लाउडवर भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा स्वतःच व्हर्च्युअल असतात. तिथे केव्हीएम मिळाले नाही तर क्यूईएमयू प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरने भाषांतरित करत बसते आणि क्षणांचे काम रेंगाळते. ज्या सिस्टीमचा पॅकेज मॅनेजर सुपरमिनला ओळखीचा नाही तिथे तर ते चालतच नाही. लिबगेस्टएफएसच्या कर्त्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी तयार यंत्र एकदाच बांधून दुसरीकडे नेण्यासाठी वेगळी कमांडही दिली आहे. ती वापरणाऱ्याला मात्र यजमानाच्या अपडेटचा लाभ आपोआप मिळत नाही. सुरक्षेची प्रत्येक दुरुस्ती आल्यावर ते यंत्र त्याने आठवणीने पुन्हा बांधायचे असते.